न्यान कॅट: मुकं मांजर, परकं गाणं आणि एका मीमची वाटणी

न्यान कॅट म्हणजे मागे इंद्रधनुष्य सोडत उडणाऱ्या मांजराचं, २०११ मध्ये इंटरनेटवर पसरलेलं मीम, लोकांनी एकमेकांना पाठवत आणि बदलत नेलेली गंमत. त्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण मांजरापासून सुरुवात करतात. मला आवाजापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण मूळ फाइलमध्ये आवाज नव्हताच, आणि पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं या एका उणिवेमुळे घडलं. मीमला मिळालेलं नाव, त्याचा प्रसार, यूट्यूबवरून ते एक दिवस गायब होणं, कोर्टातला दावा, दहा वर्षांनी झालेला लिलाव, यातल्या प्रत्येक टप्प्यावर चित्र आणि गाणं जिथे जोडलं गेलं तो सांधा आडवा येतो. हे प्रकरण मी त्या सांध्यावर बोट ठेवून वाचणार आहे.

चित्राचा जन्म

ख्रिस्तोफर टॉरेस हा अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, डॅलसला राहणारा तरुण चित्रकार. इंटरनेटवर तो 'पीआरगिटारमॅन' या नावाने वावरायचा आणि 'लोल-कॉमिक्स' नावाच्या स्वतःच्या साइटवर छोट्या चित्रकथा टाकायचा. रेड क्रॉससाठी देणग्या गोळा करायला तो लाइव्ह बसून लोकांच्या फर्माइशीची चित्रं काढत होता. बघणाऱ्यांपैकी एकाने पॉप-टार्ट काढायला सांगितलं, दुसऱ्याने मांजर. टॉरेसने दोन्ही फर्माइशी एकाच चित्रात बसवल्या: धड पॉप-टार्टचं, डोकं, पाय आणि शेपूट मांजराचं. पॉप-टार्ट म्हणजे आत गोड सारण आणि वर साखरेचा थर असलेली, टोस्टरमध्ये गरम करून खायची चौकोनी चपटी पेस्ट्री. अमेरिकेत केलॉग कंपनीने लोकप्रिय केलेली. मांजराचा राखाडी रंग टॉरेसच्या घरातल्या मार्टी नावाच्या, रशियन ब्लू जातीच्या बोक्यावरून आला. पुढे त्याने त्या रेखाटनाचं पिक्सेल-चित्र (ठळक चौकोनी ठिपक्यांचं चित्र) केलं, त्याला हलतं केलं आणि २ एप्रिल २०११ रोजी साइटवर टाकलं. नाव दिलं 'पॉप टार्ट कॅट'.

म्हणजे कल्पनेचा पहिला अर्धा भागही प्रेक्षकांकडूनच आला होता. ही गोष्ट सहसा गमतीची आठवण म्हणून सांगितली जाते. मला ती या प्रकरणाचं मूळ वाटते. जे चित्र जन्मतःच दोन अनोळखी माणसांच्या फर्माइशींची बेरीज होतं, त्यात तिसऱ्याने आणि चौथ्याने भर घालणं लोकांना अजिबात वावगं वाटलं नाही.

आता त्या चित्राकडे जवळून पाहू. गडद निळं आकाश. मधोमध मांजर, गुलाबी धडावर ठिपके, गालांवर लाली, तोंडावर किंचित हसू. मागे इंद्रधनुष्याचे सहा पट्टे: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. आजूबाजूला पांढरे तारे फुटतात आणि विझतात. पाहणाऱ्याला मांजर भरधाव उडतंय असं वाटतं, पण नीट बघितलं तर ते जागचं फारसं हलतच नाही. थोडं वरखाली होतं, पाय मागेपुढे होतात, शेपूट डुलते. सरकतात ते तारे. इंद्रधनुष्यसुद्धा पुढे जात नाही. त्याचे तुकडे आळीपाळीने वर आणि खाली होतात, आणि डोळा त्यालाच लाट समजतो. फार थोड्या फ्रेम्समध्ये, म्हणजे एकामागून एक दाखवलेल्या सुट्या चित्रांमध्ये, हे सगळं बसवलेलं आहे.

या बांधणीमुळे लूपचा, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या चित्राचा, जोड दिसत नाही. सिनेमातला एखादा प्रसंग कापून केलेल्या जिफमध्ये (हलत्या, मुक्या चित्राच्या फाइलमध्ये) शेवटची फ्रेम संपली की चित्र झटकन मागे उडी मारतं आणि 'पुन्हा पहिल्यापासून' हे लगेच कळतं. इथे सुरुवातच नाही, त्यामुळे शेवटही नाही. मांजर कुठून निघालं, कुठे चाललंय, पोहोचलं का, असले प्रश्न उभेच राहत नाहीत. टॉरेसच्या कारागिरीला पुरेशी दाद मिळालेली नाही असं मला मनापासून वाटतं. लोक 'काय वेडेपणा आहे' म्हणून हसतात, पण इतक्या कमी फ्रेम्समध्ये न तुटणारी गती साधायला हात फार तयार लागतो.

जिफमध्ये काय मावतं, काय मावत नाही

जिफ हा फाइलप्रकार कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये आणला. तो बनवणाऱ्या गटाचा प्रमुख स्टीव्ह विल्हाइट. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंगांची पट्टी आणि एलझेडडब्ल्यू नावाच्या पद्धतीने आकुंचन, ही त्याची रचना. या पद्धतीत सलग येणारे सारखे ठिपके एका छोट्या संकेतात गुंडाळले जातात. सूर्यास्ताच्या फोटोत रंग ठिपक्यागणिक बदलतात, म्हणून तिथे फारशी बचत होत नाही. सपाट निळं आकाश, सपाट गुलाबी धड, सपाट पट्टे असले की फाइल अगदी लहान होते. पिक्सेल-चित्रं आणि जिफ यांची जोडी जमली ती अशी.

१९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक फ्रेम किती वेळ दाखवायची हे लिहायची सोय आली. पण 'संपलं की पुन्हा सुरू कर' ही सूचना त्या मूळ तपशिलात नाही. ती १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. जिफमध्ये कुणालाही स्वतःची जास्तीची माहिती ठेवता येईल अशी एक जागा होती. नेटस्केपने तिथे आपलं नाव आणि आवृत्तीचा आकडा मिळून अकरा अक्षरांची खूण टाकली आणि पुढे दोन बाइटमध्ये आवर्तनांची संख्या. ती संख्या शून्य लिहिली तर अर्थ: थांबू नकोस. इंटरनेटवरची न संपणारी जिफ आजही एका कधीच्याच मावळलेल्या ब्राउझरचं नाव पोटात घेऊन फिरते. मला हा तपशील फार आवडतो.

त्या सोयीनंतर वर्षभरातच, १९९६ मध्ये, 'डान्सिंग बेबी' नावाचं नाचणारं त्रिमितीय बाळ ईमेलमधून फिरायला लागलं. १९९८ मध्ये कॅनडातल्या एका कलाविद्यार्थिनीने हॅमस्टरच्या चार जिफ ओळीने पुन्हापुन्हा मांडून 'हॅम्पस्टर डान्स' नावाचं पान केलं. त्या पानावर गाणंही वाजायचं, आणि ते परकं होतं: डिस्नेच्या १९७३ च्या 'रॉबिन हूड' चित्रपटातलं रॉजर मिलरचं गाणं, वेग वाढवून घेतलेलं. लूपवर फिरणारं चित्र आणि उसनं गाणं हा नुसखा त्यामुळे न्यान कॅटच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या अंगवळणी पडला होता.

नुसख्याला कारणही तसंच होतं. जिफमध्ये ध्वनीला जागाच नाही. चित्राला आवाज हवा तर तो बाहेरून आणायचा आणि दोघांना बसवण्यासाठी वेगळं घर शोधायचं. २०११ मध्ये ते घर म्हणजे यूट्यूब.

गाणं कुठून आलं

'डॅनीवेल' या नावाने लिहिणाऱ्या जपानी संगीतकाराने जुलै २०१० मध्ये 'निकोनिको डोगा' या जपानी व्हिडिओ साइटवर एक गाणं टाकलं होतं. त्याचं नाव 'न्यान्यान्यान्यान्यान्यान्या!', आणि शब्दही तेवढेच. जपानीत मांजर 'न्यान' असं ओरडतं. गायिका हात्सुने मिकू, म्हणजे सापोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ऑगस्ट २००७ मध्ये बाजारात आणलेला, यामाहाच्या व्होकलॉइड तंत्रावर चालणारा संगणकी आवाज. जानेवारी २०११ च्या अखेरीस 'मोमोमोमो' नावाच्या दुसऱ्या एका खात्याने तेच गाणं मोमोने मोमो या वेगळ्या आवाजात बसवून टाकलं. हा आवाज युटाऊ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरसाठी तयार केलेला होता. एका खऱ्या स्त्रीने सुटे उच्चार रेकॉर्ड करून दिले होते आणि सॉफ्टवेअर ते हव्या त्या सुरात जोडत होतं.

त्या वेळच्या निकोनिकोवरची हवा समजून घेतल्याशिवाय ही साखळी समजत नाही. तिथे एकाने चाल रचायची, दुसऱ्याने ती वेगळ्या आवाजात गाऊन दाखवायची, तिसऱ्याने चित्र काढायचं, चौथ्याने त्यावर नाच बसवायचा, ही रोजची रीत होती. क्रिप्टननेही ती रीत मोडून काढली नाही. मिकूच्या प्रतिमेचा बिगर-व्यापारी वापर कसा करता येईल याचे नियम कंपनीने जाहीर केले आणि चाहत्यांनी एकमेकांच्या कामावर काम करावं म्हणून पियाप्रो नावाची साइटही उघडली. त्या जगात 'हे कुणाचं?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नावांच्या यादीने दिलं जाई, आणि ती यादी व्हिडिओखाली लिहिलेली असे.

जोड

टॉरेसने चित्र टाकल्यावर तीनच दिवसांत, ५ एप्रिल २०११ रोजी, 'साराजून' नावाच्या यूट्यूब खात्याने ती जिफ आणि मोमोमोमोचं गाणं एकत्र करून साडेतीन मिनिटांच्या आसपासचा व्हिडिओ चढवला. नाव दिलं 'न्यान कॅट'.

या कामाला निर्मिती म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल. एक फाइल दुसरीवर ठेवली, एवढंच तर झालं. तरीही मी याला निर्मितीच म्हणेन. चित्रात शेवट नाही हे वर सांगितलं. गाणंही तसंच, एकच शब्द, गोल फिरणारी चाल, कुठेही 'झालं' असं न सांगणारी. दोन वेगवेगळ्या देशांत, एकमेकांची ओळखदेख नसलेल्या माणसांनी केलेल्या या दोन गोष्टींचा स्वभाव एक आहे हे कुणाला तरी ऐकू यावं लागतं. ते साराजूनला ऐकू आलं.

त्यातून आणखी एक गोष्ट घडली. जिफ एका सेकंदाच्या आत-बाहेर कळते. बघितली, हसलो, पुढे गेलो. व्हिडिओला मात्र लांबी असते. साडेतीन मिनिटं तेच ते बघायचं म्हटल्यावर त्याची कसोटी झाली. किती वेळ सहन करू शकतोस? लवकरच दहा-दहा तासांच्या आवृत्त्या निघाल्या. न्यान डॉट कॅट या पत्त्यावर मांजर अखंड उडत असे आणि खाली, तुम्ही किती सेकंद 'न्यान' केलंत, याचा आकडा दशांशासकट पळत असे. तो आकडा मित्रांना पाठवायची सोयही तिथेच. (पत्त्यातला 'डॉट कॅट' खरं तर कॅटलान भाषा आणि संस्कृतीसाठी राखलेला आहे. मांजरांनी तो असा बळकावला.) कंटाळा हाच खेळ झाला, आणि खेळ म्हटला की तो दुसऱ्याला दिल्याशिवाय राहवत नाही. नुसत्या मुक्या जिफला हे जमलं नसतं.

त्या वर्षी यूट्यूबवर सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या यादीत न्यान कॅट पाचव्या क्रमांकावर होतं. यूट्यूबने स्वतः त्या व्हिडिओपुरती खालची लाल प्रगतिपट्टी काढून तिथे इंद्रधनुष्य आणि टोकाला मांजर बसवलं. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.० मध्ये दडवलेली गंमत हीच होती: आवृत्तीच्या आकड्यावर पुन्हापुन्हा टॅप केलं की अँड्रॉइडचा हिरवा यंत्रमानव इंद्रधनुष्य सोडत उडत जाई. प्रोग्रामरांनी ईमॅक्स या एडिटरसाठी 'न्यान मोड' लिहिला. फाइलमध्ये आपण किती खाली आलो हे त्यात मांजर दाखवतं.

प्रगतिपट्टी हा उपयोग इतका पुन्हापुन्हा का सुचला याचं उत्तर चित्रातच आहे. डावीकडून उजवीकडे जाणारं तोंड, मागे सरळ आडवा पट्टा. पट्टा लांबवत न्यायचा आणि टोकाला मांजर ठेवायचं, की काम झालं. मीम पसरतं तेव्हा लोक 'ते किती मजेशीर होतं' एवढंच बोलतात. त्याचा आकार दुसऱ्या कुठल्या साच्यात सहज बसतो का, हे कुणी बघत नाही. न्यान कॅटचा आकार बसत होता. शिवाय धडाच्या जागी काहीही ठेवा, ओळख पुसत नाही, कारण ओळख इंद्रधनुष्यात आणि चालीत आहे. म्हणून देशोदेशीची, सणासुदीची मांजरं निघाली. उलट्या दिशेने उडणारं राखाडी 'टॅक नेन' हे दुष्ट भावंडही निघालं, नावसुद्धा उलटं करून. इंटरनेटवरच्या कामांसाठी दिल्या जाणाऱ्या वेबी पुरस्कारांत २०१२ मध्ये न्यान कॅटला वर्षातलं सर्वोत्तम मीम ठरवलं गेलं.

नावाबद्दल टॉरेसने तेव्हाच समंजस भूमिका घेतली. मी त्याला पॉप टार्ट कॅटच म्हणत राहीन, पण इंटरनेटने न्यान कॅट ठरवलंय आणि तेही मला चालेल, अशा आशयाचं तो बोलला. व्यवहाराच्या दृष्टीने हे त्याच्या पथ्यावरच पडलं. पॉप-टार्ट हे तेव्हा केलॉगचं नोंदलेलं नाव होतं. ते छापून खेळणी आणि टी-शर्ट विकायला गेला असता तर पहिल्याच पायरीवर अडला असता. 'न्यान कॅट' हे नाव मोकळं होतं. हे नाव चित्रकाराने दिलेलं नव्हतं आणि चित्रातही कुठे नव्हतं. ते गाण्यातून आलं होतं, हे पुढच्या भागासाठी ध्यानात ठेवायला हवं.

एका दिवसाची गैरहजेरी

२७ जून २०११ रोजी तो व्हिडिओ यूट्यूबवरून नाहीसा झाला. जागी पाटी: कॉपीराइटच्या तक्रारीमुळे काढला. तक्रार टॉरेसच्या नावाने केलेली होती, आणि ती टॉरेसने केलेली नव्हती. कुणीतरी त्याचं सोंग घेतलं होतं.

अमेरिकेचा १९९८ चा डिजिटल कॉपीराइट कायदा असं सांगतो की साइटला तक्रार मिळाली आणि तिने तो मजकूर तत्परतेने काढला, तर वापरकर्त्याच्या उल्लंघनाची जबाबदारी साइटवर येत नाही. त्यामुळे साइटचा कल आधी काढण्याकडे असतो. तक्रारदार खरा की खोटा हे मागाहून. ज्याचा मजकूर गेला त्याने उलट तक्रार करून तो परत मिळवायचा. खोटी तक्रार करणं गुन्हा असला तरी, टोपणनावाआडच्या माणसाला शोधणार कोण?

तो दिवस टॉरेसला जड गेला असणार. व्हिडिओ गेल्यावर चाहत्यांचा राग साहजिकच ज्याच्या नावाने तक्रार होती त्याच्यावर आला. त्याने साइटवर खुलासा केला, यूट्यूबशी संपर्क साधला, आणि साराजून आणि डॅनीवेल यांनाही गाठलं, कारण व्हिडिओ एकीचा होता आणि संगीत दुसऱ्याचं. उलट तक्रार त्यांनी करायला हवी होती. दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ परत आला.

या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा एक दिवस. एरवी सगळे आपापल्या जागी सुखी होते. सांध्यावर घाव बसला तेव्हाच कळलं की चित्रकार एकट्याने हा व्हिडिओ वाचवू शकत नाही, संगीतकारही नाही आणि व्हिडिओ करणारीही नाही. तिघांची संमती लागते. आधी कुणी कुणाची परवानगी घेऊन हे सुरू झालं नव्हतं. ती परवानगी मागाहून, संकटात, एकमेकांना दिली गेली.

कोर्ट

२०१३ मध्ये टॉरेसने वॉर्नर ब्रदर्स आणि फिफ्थ सेल या गेम कंपनीवर दावा लावला. बरोबर होता चार्ल्स श्मिट, 'कीबोर्ड कॅट'वाला. श्मिटने १९८४ मध्ये आपल्या फॅट्सो नावाच्या मांजरीचा, कीबोर्ड वाजवल्यासारखं दाखवणारा व्हिडिओ घेतला होता आणि २००७ मध्ये तो यूट्यूबवर टाकला. दाव्याचा विषय 'स्क्रिबलनॉट्स' या गेमची मालिका. त्यात खेळणारा एखादा शब्द टाइप करतो आणि ती वस्तू पडद्यावर येते. 'न्यान कॅट' टाइप केलं की इंद्रधनुष्यासकट मांजर येत होतं. परवानगी नाही, मोबदला नाही. आरोप दोन: कॉपीराइटचं उल्लंघन आणि ट्रेडमार्कचं उल्लंघन.

तेव्हा बऱ्याच लोकांनी टॉरेसला नावं ठेवली. मीम सगळ्यांचं असतं, ज्याच्या चित्राला लोकांनी मोठं केलं तो आता पैसे मागतो, असा सूर होता. मला तो सूर तेव्हाही पटण्यासारखा नव्हता आणि आजही नाही. चाहत्यांनी बिनपैशाचं काही केलं तर आपली हरकत नाही, हे टॉरेसने त्या वेळीही स्पष्ट केलं होतं. दुकानात विकला जाणारा गेम ही वेगळी गोष्ट. ज्या कंपनीने आपल्या मालकीच्या पात्राच्या एका टी-शर्टवरूनही नोटीस धाडली असती तिने दुसऱ्याचं पात्र फुकट वापरावं, याला लोकसंस्कृती म्हणता येत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये तडजोड झाली आणि कंपन्यांनी वापराबद्दल पैसे द्यायचं मान्य केलं. न्यायाधीशाचा निकाल आला नाही, म्हणून कायद्यात आधाराला घेता येईल असं काही या खटल्यातून उरलं नाही. पण मीम बनवणाऱ्यालाही मालक असतो, हे गेम कंपन्यांना कळलं.

तरीही दाव्याच्या कागदाकडे सांध्याच्या बाजूने पाहिलं तर एक गोष्ट खटकते. कॉपीराइटचा भाग सरळ होता: चित्र टॉरेसचं. ट्रेडमार्कचा भाग मात्र नावावर उभा होता, आणि ते नाव म्हणजे डॅनीवेलच्या गाण्याचा एकुलता एक शब्द, साराजूनने व्हिडिओवर लिहिलेला. ट्रेडमार्कच्या कायद्याला नाव कुणाला सुचलं याच्याशी देणंघेणं नसतं. ते नाव वापरून व्यापार कोण करतो आणि ग्राहक त्यावरून कुणाला ओळखतो, एवढंच तो बघतो. त्या कसोटीवर टॉरेसचा हक्क खरा होता. पण कायद्याने बरोबर आणि वाटणीने पुरतं, या दोन गोष्टी इथे जुळत नाहीत.

गाण्याचं जपानमध्ये स्वतंत्रपणे बरं चाललं होतं. २०१२ मध्ये सेगाच्या 'हात्सुने मिकू: प्रोजेक्ट दिवा एफ' या गेममध्ये ते रीतसर घेतलं गेलं, मूळ मिकूच्या आवाजात. तिथे मांजर टॉरेसचं नव्हतं. अशा रीतीने दोन गेम, दोन देश: एकीकडे चित्र गाण्याशिवाय वापरलं गेलं, दुसरीकडे गाणं चित्राशिवाय. व्यापारात आल्याबरोबर दोघं सुटी झाली होती, कारण करार सुट्या वस्तूंचेच होतात. एकत्र असताना त्यांचं जे मूल्य होतं त्याला नोंदवहीत रकाना नव्हता.

लिलाव

मीमला दहा वर्षं होत आली तेव्हा टॉरेसने मूळ जिफ नव्याने स्वच्छ करून घेतली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये फाउंडेशन या लिलावाच्या साइटवर एनएफटी (डिजिटल वस्तूशी जोडलेलं, विकता येणारं एकमेव टोकन) म्हणून मांडली. बोली सुमारे ३०० इथरवर (इथर हे एक डिजिटल चलन) थांबली. त्या दिवसाच्या दराने साडेपाच लाख डॉलरच्या वर. पुढच्याच महिन्यात क्रिस्टीज या लिलावसंस्थेने बीपल या कलाकाराचं डिजिटल चित्र ६.९३ कोटी डॉलरला विकलं आणि एनएफटीचा पूर आला. जुन्या मीममधल्या किती तरी लोकांनी त्याच सुमारास आपापली चित्रं लिलावात मांडली, आणि त्या मंडळींना एकत्र आणण्यात टॉरेसचा पुढाकार होता.

एनएफटी विकत घेणाऱ्याला काय मिळतं? ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या नोंदवहीत, एक नोंद: अमुक टोकन अमुक पत्त्याकडे (खात्याकडे) आहे. तेवढ्यावरून चित्राचा कॉपीराइट मिळत नाही, आणि ती जिफ बघण्यापासून, उतरवून घेण्यापासून कुणाला अडवताही येत नाही. मांजर दुसऱ्या दिवशीही सगळ्यांच्या पडद्यावर तसंच उडत होतं. हा व्यवहार निव्वळ वेडेपणा होता असं म्हणणारे पुष्कळ आहेत. टॉरेसला मिळालेल्या पैशांबद्दल मला मात्र आनंदच वाटतो. दहा वर्षं ज्याचं चित्र जग फुकट वापरत होतं, त्याला एकदा घसघशीत रक्कम मिळाली. मार्टी त्याआधीच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, मांजरांना होणाऱ्या एका विषाणूजन्य आजाराने गेला होता.

विकली गेली ती जिफ होती, यूट्यूबवरचा व्हिडिओ नव्हे. जिफमध्ये ध्वनी मावत नाही, हे आपण १९८७ पासून जाणतो. म्हणून विक्रीच्या वेळी गाण्याचा प्रश्न आलाच नाही: फाइलप्रकारानेच तो परस्पर बाहेर ठेवला. डॅनीवेल, मोमोमोमो, आवाज देणारी ती स्त्री, साराजून, यांच्यापैकी कुणाच्याही हक्काला त्या फाइलमध्ये धक्का लागत नव्हता, कारण त्यांचं काही त्यात नव्हतंच. आणि लिलावातल्या वस्तूचं शीर्षक होतं 'न्यान कॅट'.

यात कुणी कुणाला फसवलं असं मी म्हणत नाही. टॉरेसने स्वतःचं होतं ते विकलं. पण किंमत कशाची आली याचा विचार केला, तर २ एप्रिल २०११ च्या 'पॉप टार्ट कॅट' या मुक्या चित्राला ३०० इथर कुणी दिले असते असं मला वाटत नाही. बोली लावणाऱ्याच्या डोक्यात ते गाणं वाजत होतं.

फाउंडेशनच्या व्यवहारात एक कलम तेव्हा फार नावाजलं गेलं: टोकन पुढे पुन्हा विकलं गेलं की विक्रीच्या दहा टक्के आपोआप मूळ कलाकाराच्या खात्यात. कलाकाराचा वाटा पहिल्या विक्रीनंतरही चालू राहावा ही मागणी चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या करत आले, आणि इथे ती चार ओळींच्या कोडमध्ये बसली. या कलमात 'मूळ कलाकार' म्हणजे एक पत्ता असं धरलेलं आहे. स्मार्ट काँट्रॅक्टला, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप अमलात येणाऱ्या करारकोडला, मात्र एकाच पत्त्याचं बंधन नसतं. रक्कम ठरलेल्या प्रमाणात चार पत्त्यांवर पाठवणारं कोडही लिहिता येतं. जून २०११ मध्ये व्हिडिओ परत आणायला ज्यांना गाठावं लागलं, त्या माणसांपासून अशा यादीची सुरुवात करता आली असती.